पंडिता रमाबाईंचा नित्यधर्म

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८-१९२२) यांच्या चरित्राची मांडणी बहुधा धर्मांतर या एका घटनेभोवती केली जाते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच्या अलीकडच्या रमाबाई हिंदू आणि पलीकडच्या ख्रिस्ती, अशी सरळ विभागणी टीकाकारांनी केली, स्तुतिपाठकांनीही केली. या विभागणीत एक गोष्ट निसटते. आपण नित्य जे धर्म म्हणून करतो ते कशासाठी करतो, असे स्वतःस विचारण्याची सवय रमाबाईंना बाप्तिस्म्याने दिली नव्हती. ती त्या सोबत घेऊन आल्या होत्या, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी ख्रिस्ती आचारधर्मालाही तीच कसोटी लावली.

या सवयीचे मूळ बालपणात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, आणि वडिलांच्या उतारवयामुळे लहान रमेला शिकविण्याचे काम आई लक्ष्मीबाईंकडे आले. पहाटे, पाखरे जागी होण्यापूर्वी, आई मुलीला उठवून पाठांतर करवून घेई. कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत होते. स्नान, पूजा, देवळात पुराणकथन, मिळालेल्या दक्षिणेतून दानधर्म आणि उपवास यांत खंड पडत नसे. १८७० नंतरच्या दुष्काळात हा क्रम अन्नावाचून चालू राहिला. वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरलेल्या भावंडांनी, श्रीनिवास आणि रमा यांनी, त्यानंतरही काही वर्षे शास्त्रोक्त आचार निष्ठेने पाळले, आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचेपर्यंत त्यांची त्यावरील श्रद्धा ओसरली होती. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या त्या पुराणज्ञानाबद्दल. ज्या ज्ञानाबद्दल हा गौरव झाला, त्यावरील त्यांचा विश्वास तोपर्यंत उडाला होता, हा योगायोग चरित्रकारांना फारसा जाणवलेला दिसत नाही.

पुढील चार वर्षे अतिशय वेगाने गेली. भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह, कन्या मनोरमेचा जन्म, १८८२ च्या आरंभी वैधव्य, पुण्यात आगमन, आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ या ग्रंथाचे प्रकाशन, आणि १८८३ मध्ये विलायतेस प्रयाण.

वाँटेजच्या मठात त्यांना पुन्हा एक आखीव दिनक्रम भेटला. ठरलेल्या वेळच्या प्रार्थना, ठरलेली श्रद्धावचने, ठरलेली आज्ञाधारकता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच विष घेऊन प्राण सोडला. त्या आघातानंतर काही आठवड्यांतच रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. मात्र मठातील गुरू सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार पुढे चालला (तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला), त्यात शरणागत शिष्येचा स्वर फारसा आढळत नाही. रमाबाई अंडे घातलेले पक्वान्न खात नसत. हा जातीचा अहंकार उरला आहे, असे सिस्टरांचे म्हणणे. हा आरोप साधा नव्हता, कारण त्यात सत्याचा अंश असण्याचा संभव होता, आणि ते रमाबाईंना कळत होते. आपण सर्व पूर्वग्रहांपासून मुक्त नाही हे त्यांनी मान्य केले, पण ख्रिस्ताच्या शिकवणीशी ज्याचा विरोध नाही अशी पूर्वजांची चाल सोडण्याचे कारण त्यांना दिसेना. ताटातील रीत ही रीत आहे, श्रद्धा नव्हे, हा भेद त्यांनी केला, आणि त्याचबरोबर इंग्रजांचे ताट म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे हेही सुचविले. त्या आयुष्यभर शाकाहारीच राहिल्या.

क्रुसावरील अक्षरांचा प्रसंग मराठीच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. लॅटिन वचन असलेला क्रूस वापरावा, ही सूचना त्यांना रुचली नाही. ना आपली, ना आपल्या लोकांची, अशी भाषा छातीवर का वागवावी? त्यांनी संस्कृत वचनाचा आग्रह धरला. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, अथनेशियसचा मतांगीकार यांविषयीही त्या वाद घालीत राहिल्या. जे बुद्धीस उमगले नाही ते ओठांनी म्हणणे त्यांना जमत नव्हते. न समजता म्हटलेल्या शब्दांवर एक कुटुंब उपाशी मेल्याचे त्यांनी पाहिले होते.

तथापि ही चिकित्सा केवळ इतरांच्या विरोधात वापरली असती तर तिचे मोल मर्यादित राहिले असते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. याच काळात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू असूनही त्याला आपला पालट झालेला नाही हे फार उशिरा उमगले होते. बाप्तिस्म्यास आठ वर्षे झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंनी स्वतःविषयी तोच निष्कर्ष काढला: आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपणास लाभला नाही. ज्या बाईने धर्मांतरासाठी पुण्यातील सारी प्रतिष्ठा गमावली होती, तिने ते धर्मांतरच अपुरे होते असे कबूल करणे, आणि पुढे १९०७ मध्ये आपल्या आत्मनिवेदनात ते जाहीरपणे लिहिणे, याला त्यांच्या चरित्रात दुसरी तोड नाही.

या अंतर्गत पालटाची किंमत शारदा सदनास द्यावी लागली. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. पूर्वीची प्रार्थना नियमाची होती, तेव्हा दाराचा प्रश्न उद्भवला नव्हता. आता ती जिवाची झाली होती, आणि ती लपविणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. दुसऱ्या बाजूला रानडे, भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी पालकांना शब्द दिलेला होता. १८९३ मध्ये त्यांनी राजीनामे दिले, बऱ्याच मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. या वादात सल्लागारांची बाजू कमकुवत नव्हती हे मान्य केलेच पाहिजे. अल्पवयीन विधवांच्या दृष्टीने, आश्रय देणाऱ्या बाईंचे उघडे दार आणि त्या बाईंचे आमंत्रण यांत अंतर तरी किती? स्वतःच्या आचाराची इतकी कठोर तपासणी करणाऱ्या रमाबाईंनी हा एक प्रश्न मात्र स्वतःस पुरेसा विचारलेला दिसत नाही.

त्यानंतर केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतात जाऊन अनाथ मुली आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. १९०५ मध्ये तेथे जे धार्मिक जागरण झाले, त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने रडत, पापे कबूल करीत, प्रार्थना करीत. शिस्तप्रिय मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो आवरला नाही. भारतीय माणसाची भक्ती भारतीय स्वभावानेच व्यक्त होईल, असे त्यांचे मत झाले होते. वाँटेजच्या ताटाविषयी त्यांनी जे म्हटले होते, तेच येथे निराळ्या रूपाने आले.

शेवटची सुमारे पंधरा वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, आणि त्यातील अनेक शब्दांना जुन्या धर्मकल्पना चिकटलेल्या आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. सदनातील स्त्रियांनी खिळे जुळविले, छपाई केली. एकेकाळी क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या पंडितेने आता दुष्काळातून आलेल्या, जेमतेम वाचू शकणाऱ्या बाईला रोज वाचता यावे म्हणून संस्कृत शब्द गाळण्याचा प्रयत्न केला. मुळाशी घट्ट राहण्याच्या हट्टाने या भाषांतराची वाक्यरचना अनेक ठिकाणी अवघडलेली आहे, आणि मराठी मंडळ्यांत ते रूढ झाले नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडला.