शिरढोणचे फडके, आपले शेजारी

स्मरणिका समितीतल्या मुलांनी (मुले कसली, चाळिशीची झाली आहेत, पण सोसायटी स्थापन झाली तेव्हा खाली क्रिकेट खेळून काचा फोडणारी हीच!) माझ्याकडे लेख मागितला तो सोसायटीच्या पहिल्या पाच वर्षांच्या हिशेबांवर. खजिनदार होतो ना मी तेव्हा. म्हटलं, ते हिशेब ऑडिटरने पाहिलेत, आता सभासदांना त्याचा त्रास कशाला? त्यापेक्षा एका वेगळ्या कारकुनाबद्दल लिहितो. तोही हिशेबखात्यातलाच आणि आपल्या गेटपासून गाडीने वीस मिनिटांच्या अंतरावर जन्मलेला.

नव्या पनवेलला आपण राहायला आलो तेव्हा गच्चीवरून दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसायचा. अंगठा वर करून कोणी उभे राहावे तसा. आता समोर टॉवर झाले, त्यामुळे फक्त पाण्याच्या टाकीवर चढले तरच दिसतो, आणि माझ्या वयात ते काही शहाणपणाचे नाही. आपल्या पावसाळी सहली मात्र आठवत असतील. कर्नाळा अभयारण्य, भिजणे, कांदाभजी, परत. जाताना गोवा हायवेवर पळस्प्याच्या पुढे शिरढोण लागते. तिथे आपली बस सतत सोळा वर्षे थांबली नाही. मी स्वतः त्या बसमध्ये पुढच्या सीटवर असायचो, म्हणजे दोष माझाही.

त्या शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. पनवेलच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे तेच. आपण तिथे नाटकाची तिकिटे काढतो, पाटीवरचे आद्यक्रांतिवीर हे शब्द वाचतो आणि आत जाऊन बसतो. त्या माणसाची गोष्ट पुरती ठाऊक असलेले आपल्या अठ्ठेचाळीस घरांत किती निघतील, याची मी मध्यंतरी तोंडी पाहणी केली. आकडा देत नाही, कारण कार्यकारिणीचीही त्यात गणना आहे.

त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्याच धामधुमीत कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा घेतला आणि किल्लेदारी संपली. म्हणजे वासुदेव जन्मले ते किल्ला जाऊन सत्तावीस वर्षे झालेल्या घरात. घर डोंगराच्या पायथ्याशी आणि गेलेला किल्ला समोर, रोज दिसणारा. ज्या घरात एकेकाळी गडाचा कारभार होता त्या घरातल्या पोराला सुळका बघताना काय वाटत असेल, हे शिरढोणच्या अंगणात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पुस्तकात वाचून मला तरी कळले नव्हते.

शिक्षणासाठी ते कल्याणला आणि पुढे मुंबई-पुण्याकडे गेले. इंग्रजी आले आणि त्या काळी इंग्रजी आले की नोकरी आली. आधी जीआयपी रेल्वेत, मग लष्कराला रसद पुरवणाऱ्या कमिसरिएट खात्याच्या हिशेब तपासणीच्या कचेरीत. १८६५ च्या सुमारास ते पुण्यात आले आणि दहा-बारा वर्षांहून अधिक काळ ती खर्डेघाशी केली. बिले तपासा, बेरजा पडताळा, साहेबाची सही घ्या. मी छत्तीस वर्षे बँकेत हेच केले, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातला हा भाग चरित्रकार दोन ओळींत उरकतात याचे मला वाईट वाटते. क्रांतिकारक म्हटला की घोडा, तलवार. पण या माणसाच्या हातात आधी बोरू होता आणि त्याचे काम चांगले होते, नाहीतर इतकी वर्षे सरकारने ठेवला नसता.

मग ती रजेची गोष्ट घडली. १८७० च्या सुमारास आई शिरढोणला अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. वासुदेवरावांनी रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. अखेर ते तसेच निघाले. आज एक्स्प्रेसवेने दीड-दोन तासांचा रस्ता, त्या काळी घाट उतरून यायचे. पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे वर्षश्राद्धाच्या वेळीही रजेची अडवणूकच झाली.

इथे थोडे स्वतःचे सांगतो. १९७९ च्या डिसेंबरात माझी बदली मराठवाड्यात होती आणि आई गावी आजारी होती. वर्षअखेरीचे क्लोजिंग चालू होते. वरिष्ठांनी रजा नाकारली, बॅलन्स टॅली होईपर्यंत कोणी हलायचे नाही म्हणून सांगितले. मी पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी. त्या बँकेने पुढे मला प्रमोशन दिले, पेन्शन देते आहे, माझी तक्रार नाही. पण आई गेल्यावर मी काय केले? तेरावे उरकून पुन्हा त्याच काउंटरवर बसलो. वासुदेवरावही बसले, पुढची काही वर्षे बसलेच. फरक असा की त्यांच्या डोक्यात प्रश्न फक्त आपल्या रजेचा राहिला नाही.

पुण्यात तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांची व्याख्याने होत होती. देशाचा पैसा कसा बाहेर जातो, इथले उद्योग कसे बसतात, हे रानडे आकडेवारीने मांडत. हिशेबखात्यातल्या माणसाला ही भाषा लगेच कळली असणार. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांची स्वदेशीची चळवळ सुरू होती. वासुदेवरावांनीही स्वदेशीचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पुण्यात शाळा काढली, पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. आपल्यातले कितीतरी जण पुण्याच्या भावे स्कूलमध्ये शिकले आणि त्यांना हे माहीत नाही (मला एका सभासदाने हे ऐकून फोन करून खात्री करून घेतली).

दुसरीकडे ते लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जाऊन दांडपट्टा, तलवार, नेमबाजी शिकत होते. पहिली पत्नी वारल्यावर गोपिकाबाईंशी लग्न झाले. या बाईंना त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले, आणि नुसते तेवढे नाही, घोड्यावर बसायला आणि हत्यार चालवायलाही शिकवले. काळ १८७० नंतरचा आहे हे ध्यानात घ्या.

१८७६-७७ चा दुष्काळ आला. दख्खनमध्ये माणसे लाखांनी मेली. त्याआधी १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे होऊन गेले होते. वासुदेवराव गावोगाव हिंडले, लोकांचे हाल डोळ्यांनी पाहिले आणि सरकार उलथल्याशिवाय यातून सुटका नाही अशा निष्कर्षाला आले. शिकलेल्या पांढरपेशांकडे त्यांनी आधी मदत मागितली. ती फारशी मिळाली नाही. आपण मध्यमवर्गीय सभेला टाळ्या वाजवतो आणि वर्गणीच्या वेळी पंखा बघतो, हे तेव्हाही तसेच होते. तेव्हा ते रामोशी, कोळी, धनगर, मांग यांच्याकडे वळले. ही माणसे त्यांच्या शब्दावर बाहेर पडली. पत्नीला माहेरी पाठवले, नोकरी सोडली, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याजवळ लोणीच्या बाजूला टोळी जमवून बंडाला सुरुवात केली. २३ फेब्रुवारीला शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिली धाड पडली.

धामारीत हाती लागले सुमारे चारशे रुपये. सैन्य उभे करायचे, दळणवळण तोडायचे, तुरुंग फोडायचे असा बेत, आणि भांडवल चारशे रुपये! मी लोन ऑफिसर असतो तर प्रस्ताव परत पाठवला असता. लुटीबद्दल मला काय वाटते हेही सांगून टाकतो, कारण सोसायटीतल्या चर्चेत एकदा हा मुद्दा निघाला होता. लुटलेल्या घरातल्या माणसांना ती लूटच होती, हे नाकारू नये. पण पैसा त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही, बंडासाठी घेतला आणि सोबतच्यांचे लक्ष बंडापेक्षा लुटीकडे जाते आहे याचे दुःख त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. स्वतःच्या चुकीची नोंद स्वतः करणारा माणूस हिशेबनीसच असू शकतो.

आता पळस्पे. आपण जिथे गाडी थांबवून वडापाव घेतो त्या पळस्प्यावर आणि शेजारच्या चिखल्यावर मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक या रामोशी पुढाऱ्याने मोठा छापा घातला. लूट दीड लाखाच्या आसपास होती असे सांगतात. चारशेवरून दीड लाख! वासुदेवराव तेव्हा निराश होऊन श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाला गेलेले होते. दौलतराव लूट घेऊन घाटाकडे परतत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि चकमकीत दौलतराव मारले गेले. बंडाचा कणा तिथेच मोडला. या दौलतरावांचे नाव आपल्या भागात कुठल्या चौकाला असल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याच महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. ती फडक्यांनी लावली नव्हती, पण संशयाच्या धुरात खुद्द रानड्यांची धुळ्याला बदली झाली. सरकारने फडक्यांना पकडण्यासाठी इनाम लावले, तर फडक्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर इनाम लावले.

पुढचे दोन महिने निजामाच्या मुलखात रोहिल्यांची कुमक जमवण्यात गेले. पंढरपूरकडे निघालेले असताना, तापाने फणफणलेल्या अवस्थेत, आताच्या कर्नाटकातल्या देवर नावडगी गावी ते झोपले होते. २० जुलै १८७९ च्या रात्री मेजर डॅनियल आणि हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना तिथे पकडले. त्यांच्याजवळचे आत्मचरित्र आणि रोजनिशी पोलिसांच्या हाती पडली आणि खटल्यात तोच त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा ठरला. सगळे लिहून ठेवण्याची कारकुनाची सवय!

खटला पुण्यात चालला. संगमाजवळ जिथे त्यांना कोठडीत ठेवले होते ती जागा आज सीआयडीच्या आवारात स्मारक म्हणून राखली आहे. बचावाला सार्वजनिक काका उभे राहिले, ज्यांच्याकडून स्वदेशी शिकली तेच. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढच्या जानेवारीत त्यांना एडनला नेले. तिथूनही ते कोठडीचे दार बिजागरीतून उखडून पळाले. परका देश, भोवती वाळवंट, अंगावर कैद्याचे कपडे. काही तासांतच पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात ते वारले. वय सदतीस. आपल्या बिल्डिंगमधली नातवंडे सदतिसाव्या वर्षी होम लोनचे हप्ते मोजतात.

१९८४ साली सरकारने त्यांच्यावर पन्नास पैशांचे तिकीट काढले. मी ते तेव्हा काउंटरवर आलेल्या एका पाकिटावरून सोडवून घेतले होते, अजून आहे.

शिरढोणला पहिल्यांदा उतरलो ते नातीमुळे. चौथीत होती. शाळेत प्रकल्प दिला होता, जवळचे ऐतिहासिक ठिकाण. ती रायगड म्हणाली. मी म्हटलं, त्याहून जवळ आहे. रिक्षा करून गेलो. वाड्याची पूर्वी पार पडझड झाली होती. पुढे सरकारने तो संरक्षित स्मारक केला, डागडुजी झाली, कौले चढली. नातीने प्रकल्पाच्या वहीत वाड्याचे चित्र काढले आणि त्यामागे सुळकाही काढला. तिथे तो दिसतो म्हणून. चित्र बघून माझ्या लक्षात आले की आपल्या गच्चीवरून जे गेले ते इथे अजून शिल्लक आहे.

एडनला आपल्यातले कोणी जाणार नाही. देवर नावडगीलाही नाही. हा वाडा आणि तो किल्ला आपल्या हाताशी आहेत. सरकारने एकदा दुरुस्ती केली म्हणजे झाले असे नसते. आपली इमारत अवघी पंचवीस वर्षांची, तरी दर पावसाळ्यात गळतीवरून सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत चालते. मग त्या जुन्या वाड्याचे काय होत असेल? माणसांची ये-जा असली की पाणी कुठे ठिबकते ते कोणाच्या तरी डोळ्यांना दिसते आणि अर्ज जातो. मी दोन अर्ज केले आहेत. पोच आहे, उत्तर यायचे आहे. गडावर तर नाव कोरणाऱ्यांचा उपद्रव. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांत मी स्वतः बाटल्या तरंगताना पाहिल्या. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तिथे आरडाओरडा करणाऱ्यांचा बंदोबस्त मात्र माश्या स्वतःच करतात.

गेली काही वर्षे १७ फेब्रुवारीच्या आसपासच्या रविवारी आपल्यातले दहा-पंधरा जण शिरढोणला जातात. वाड्याचे अंगण झाडतो, मुलांना गोष्ट सांगतो, ज्यांचे गुडघे बरे आहेत ते पुढे गडावर जातात. यंदा रौप्यमहोत्सव म्हणून पूर्ण बस ठरवली आहे. सकाळी साडेसहाला मेन गेटवरून सुटेल, आधी शिरढोण, मग कर्नाळा. नावे कार्यालयात वहीत लिहावीत. प्लास्टिकच्या बाटल्या नकोत, प्रत्येकाने आपापला तांब्या किंवा स्टीलची बाटली आणावी. झाडू आणि पोती माझ्याकडे आहेत.