हेन्रिक शोग्रेन

हेन्रिक सॅम्युएल कॉनराड शोग्रेन (२३ जुलै, इ.स. १८९९:शोपिंग, स्वीडन - १७ सप्टेंबर, इ.स. १९८६:लुंड, स्वीडन) हे स्वीडिश नेत्रतज्ज्ञ होते. डोळे व तोंड कोरडे पडणे आणि सांधेदुखी ही लक्षणे एकाच व्याधीची असल्याचे त्यांनी दाखवून दिले. ही व्याधी आज 'शोग्रेन विकार' या नावाने ओळखली जाते.

शिक्षण व कौटुंबिक जीवन

शोग्रेन यांचे वैद्यकीय शिक्षण स्टॉकहोममधील कारोलिन्स्का संस्थेत झाले. इ.स. १९२७ मध्ये त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. विद्यार्थिदशेतच त्यांची ओळख मारिया हेलग्रेन यांच्याशी झाली. त्या एका नेत्रतज्ज्ञाच्या कन्या होत्या. पुढे दोघांचा विवाह झाला.

संशोधन

इ.स. १९३० च्या सुमारास शोग्रेन यांच्याकडे एक स्त्री रुग्ण आली. तिचे डोळे व तोंड कोरडे पडले होते आणि सांधेही दुखत होते. या तक्रारी वेगवेगळ्या वैद्यांनी पूर्वी सुट्या सुट्या नोंदविल्या होत्या. पण त्यांचा परस्परसंबंध कोणी सविस्तर तपासला नव्हता. शोग्रेन यांनी अशा रुग्णांचा शोध सुरू केला व इ.स. १९३० मध्ये पाच स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली.

इ.स. १९३३ मध्ये त्यांनी जर्मन भाषेत डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्रियांचा अभ्यास होता. त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. रोझ बेंगाल या रंगद्रव्याचा उपयोग करून त्यांनी डोळ्याच्या पृष्ठभागावरील इजा झालेला भाग दृश्यमान केला. अश्रुग्रंथींच्या ऊतींत त्यांना लसीका पेशींची दाटी आढळली. अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे येणाऱ्या डोळ्यांच्या कोरडेपणाहून ही स्थिती भिन्न असल्याने त्यांनी तिला 'केरॅटोकंजंक्टिव्हायटिस सिक्का' असे स्वतंत्र नाव दिले. डोळा हे केवळ एक स्थान असून आजार सर्व शरीराचा आहे, हा या प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष होय.

उपेक्षा व मान्यता

परीक्षकांनी प्रबंधाला पुरेसे गुण दिले नाहीत. त्यामुळे स्वीडिश विद्यापीठांत अध्यापनाचा अधिकार देणारी 'दोसेंट' ही पदवी शोग्रेन यांना मिळू शकली नाही आणि विद्यापीठीय कारकिर्दीची वाट बंद झाली. इ.स. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते योनशोपिंग येथील रुग्णालयात गेले व तेथील नेत्रविभागाचे प्रमुख झाले. रुग्णसेवा करीत असतानाच त्यांनी या व्याधीवरील लेखन चालू ठेवले.

इ.स. १९४३ मध्ये ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञांनी प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यामुळे हे संशोधन जर्मन न जाणणाऱ्या वैद्यांपर्यंत पोहोचले. प्रबंधानंतर २४ वर्षांनी, इ.स. १९५७ मध्ये, गोथेनबर्ग विद्यापीठाने त्यांना दोसेंट केले. इ.स. १९६१ मध्ये स्वीडिश शासनाने त्यांना प्राध्यापक ही उपाधी दिली.

स्वप्रतिपिंडांचा शोध

व्याधीचे कारण मात्र शोग्रेन यांच्या प्रबंधकाळी अज्ञात होते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करते, हे पुढील संशोधकांमुळे स्पष्ट होत गेले. इ.स. १९५८ मध्ये रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ऊतींविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे स्वप्रतिपिंडे, आढळल्याची नोंद झाली. इ.स. १९६९ मध्ये 'रो' आणि इ.स. १९७४ मध्ये 'ला' या प्रतिपिंडांची वर्णने प्रसिद्ध झाली. ज्या रुग्णांच्या रक्तात ती प्रथम ओळखली गेली, त्यांच्या नावांतील आद्याक्षरांवरून ही नावे पडली. इ.स. १९७५ मध्ये दुसऱ्या एका संशोधकगटाने 'एसएस-ए' व 'एसएस-बी' ही नावे योजली. 'रो' म्हणजेच 'एसएस-ए' व 'ला' म्हणजेच 'एसएस-बी' हे इ.स. १९७९ मध्ये सिद्ध झाले.

आज निदानात 'रो' प्रतिपिंडाची तपासणी महत्त्वाची मानली जाते. तथापि ते सर्व रुग्णांत आढळत नाही आणि ल्युपससारख्या इतर विकारांतही आढळते. म्हणून अश्रूंचे मापन, डोळ्यांची रंगद्रव्य-चाचणी व गरजेनुसार ओठाच्या आतील लहान लालाग्रंथींच्या ऊतींची तपासणी करतात. गर्भवतीच्या रक्तातील 'रो' प्रतिपिंड वारेतून गर्भापर्यंत पोहोचून क्वचित त्याच्या हृदयाच्या ठोक्यांत गंभीर अडथळा निर्माण करू शकते. त्यामुळे अशा मातांची विशेष देखरेख केली जाते.

सुमारे दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, कोरडा घास पाण्याशिवाय न गिळता येणे, दात लवकर किडणे, सांधेदुखी व सततचा थकवा ही प्रमुख लक्षणे होत. काहींमध्ये फुप्फुसे, मूत्रपिंडे किंवा मज्जातंतू यांवर परिणाम होतो. लिंफोमा या कर्करोगाचा धोकाही सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो. लक्षणे वेगवेगळ्या अवयवांत विखुरलेली असल्याने निदानास आजही अनेकदा विलंब होतो.

सन्मान व निधन

इ.स. १९७० मध्ये अमेरिकन ऱ्हुमॅटिझम असोसिएशनने शोग्रेन यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. इ.स. १९८६ मध्ये कोपनहेगन येथे या व्याधीवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रकृती खालावल्याने ते तेथे उपस्थित राहू शकले नाहीत. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लुंड येथे त्यांचे निधन झाले.