फ्रान्सिस मॅसन आणि केपचे कंद

टोपलीत ठेवलेल्या कांद्याला माती नसता, पाणी नसता हिरवे कोंब फुटलेले तुम्ही पाहिले असतील. कांद्याच्या जाड पापुद्र्यांत पुढच्या हंगामाची शिदोरी भरलेली असते, म्हणूनच त्याला हे साधते. असेच, पण मोहक फुले देणारे शेकडो जातींचे कंद आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी रानोमाळ उगवतात. आपल्याकडे फुलांच्या दुकानांत दिसणाऱ्या ग्लॅडिओलसचे कितीतरी रानटी भाऊबंद तिकडचेच. हे कंद युरोपातील बागांत पोचवण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत फ्रान्सिस मॅसनचे नाव अग्रभागी आहे.

मॅसनचा जन्म १७४१ साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे झाला. तरुणपणी तो लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानात माळी म्हणून राहिला. जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाचे त्या बागेवर बारीक लक्ष असे. दूरदूरच्या देशांतील वनस्पती येथे आणाव्यात, असे त्याच्या मनाने घेतले आणि या कामी मॅसनची निवड झाली. वेतन ठरले वर्षाला १०० पौंड. जुलै १७७२ मध्ये कॅप्टन कुकच्या 'रेझोल्यूशन' जहाजातून तो निघाला व ऑक्टोबरच्या अखेरीस केपला पोचला. जहाज पुढे दक्षिण महासागराकडे गेले आणि एकतीस वर्षांचा हा माळी त्या परक्या किनाऱ्यावर राहिला.

केपची वसाहत तेव्हा डचांच्या ताब्यात होती. बैल जुंपलेल्या गाड्यातून मॅसनने आतल्या प्रदेशात तीन मोठे प्रवास केले. पुढल्या दोन प्रवासांत कार्ल थुनबर्ग हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच्या सोबतीला होता. एकदा नदी ओलांडताना थुनबर्ग घोड्यासकट पाणघोड्याने केलेल्या खोल डोहात बुडाला. दैव बलवत्तर म्हणून तो वर आला. गाडे हाकण्यास तेथील खोइखोइ लोक असत. त्यांच्या मदतीवाचून हे प्रवास पार पडले नसते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मॅसन नुसती फुले पाहत नव्हता. कोणती वनस्पती कशा जमिनीत आणि कोणत्या ऋतूत वाढते, हेही त्याला पाहावे लागे. केपच्या पश्चिम भागातील पावसाची रीत आपल्याहून अगदी उलटी आहे. तेथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा मात्र कडकडीत कोरडा जातो. म्हणून तेथील पुष्कळसे कंद पहिल्या पावसाबरोबर पाने काढतात, फुलतात आणि उन्हाळा येताच पाने वाळवून जमिनीखाली झोपी जातात. अशा झोपलेल्या कंदाला पाण्याची गरज नसते. लांबच्या समुद्रप्रवासात कोवळी रोपे खाऱ्या वाऱ्याने मरून जात, तेथे कोरडा कंद तग धरू शकत असे.

खरी अडचण इंग्लंडमध्ये पोचल्यावर सुरू होई. कंद परक्या देशी आला, तरी आपली सवय सोडत नाही. थंडीच्या चाहुलीबरोबर तो कोंब काढू लागतो. आणि क्यूचा हिवाळा तर पाणी गोठवणारा! पानांतील पाण्याचे बर्फ झाले की पेशी फुटतात. दुसऱ्या दिवशी पान उकडलेल्या भाजीसारखे लिबलिबीत होऊन पडते. त्यासाठी काचघर हवे. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, आतली ऊब टिकते आणि कडाक्याच्या रात्री भट्टीची धग देता येते. पण धग बेताचीच द्यावी लागते. केपच्या कंदांना गारवा चालतो, केवळ गोठणे चालत नाही. उष्ण, दमट, कोंदट घरात पाने लांबट व दुबळी होतात. कुंडीत वाळूमिश्रित माती हवी, वारा खेळता हवा, पाने हिरवी आहेत तोवर पाणी हवे आणि पाने पिवळी पडताच ते बंद करावयास हवे. झोपलेल्या कंदाला मायेपोटी पाणी घालणारा माळी त्याला कुजवून मारतो. थंडीपेक्षा या मायेनेच अधिक कंद दगावत असतील, असे मला वाटते.

१७७५ मध्ये मॅसन परतला, तोवर त्याच्या श्रमाने क्यूला शेकडो नव्या जाती मिळाल्या होत्या. थुनबर्गच्या सूचनेवरून केपच्या एका कंदवर्गीय वनस्पतीला 'मॅसोनिया' हे नाव मिळाले. तिची दोन रुंद पाने जमिनीला चिकटून पसरतात आणि त्यांच्यामधोमध, देठ नसल्यासारखा, फुलांचा झुबका बसतो. एवढ्या खालच्या फुलांकडे येते तरी कोण? तिच्या एका जातीकडे रात्री उंदरासारखे छोटे प्राणी मध चाटावयास येतात आणि त्यांच्या तोंडाला लागून पराग दुसऱ्या फुलापर्यंत जातात, हे २००१ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले.

पुढील प्रवासांत मॅसनला सुख लाभले नाही. वेस्ट इंडीजमध्ये १७७९ साली तो फ्रेंचांच्या हाती सापडला. पुढच्याच वर्षी एका भयंकर वादळात त्याचा संग्रह नष्ट झाला. तरी १७८६ मध्ये तो पुन्हा केपला गेला. इंग्रज म्हणून डच अधिकाऱ्यांना त्याचा संशय येई आणि त्याच्या फिरण्यावर बंधने आली. तेव्हा त्याने केप टाउनमध्ये लहानशी बाग केली, तीत वनस्पती जोपासल्या आणि तेथून तो त्या क्यूला पाठवीत राहिला. अशी नऊ वर्षे गेली.

१७९७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्याला उत्तर अमेरिकेस पाठवण्यात आले. वाटेत फ्रेंच लुटारू जहाजांनी गाठले; अन्नपाण्याचे हाल सोसत तो कसाबसा न्यूयॉर्कला पोचला. नंतरची वर्षे त्याने कॅनडाच्या हिमप्रदेशात वनस्पती गोळा करण्यात घालवली. डिसेंबर १८०५ मध्ये माँट्रियल येथे त्याचा मृत्यू झाला. बाहेर बर्फ पडणारा तो महिना. केपच्या कंदांना काचघरांत पाने फुटलेली असतात, तोही तोच.