तुकोबारायांचा भरवसा

मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आणि तिथेच बाबाजी चैतन्य महाराजांची समाधी, हे ओतूरकरांना सांगायची गरज नाही. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी बघायला लांबलांबून माणसं येतात, रांगा लागतात. त्या गर्दीतल्या कितीजणांना माहीत असतं, की जगद्गुरू तुकोबारायांचे सद्गुरू इथे विसावले आहेत? वारकऱ्याला माहीत असतं. आपली दिंडी शंभर वर्षं या समाधीवर माथा टेकवूनच वाटेला लागत आली. म्हणून शताब्दीच्या या ग्रंथात तुकोबारायांचं चरित्र असावं असं सर्वांच्या मनात आलं. सगळं चरित्र इथे मावणार नाही. ते महीपतीबुवा ताहराबादकरांनी लिहून ठेवलेलं आहे आणि कीर्तनातून आपण ऐकतोच. आम्ही त्यातला एकच धागा हाती धरतो.

वाटेने चालताना माणसं मन मोकळं करतात. कांद्याला भाव नाही, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, पोराचं लग्न जमत नाही, मृग कोरडा चाललाय. ऐकणारा सांगतो, काळजी करू नका माउली, पांडुरंगावर सोडा. सांगणं सोपं आहे. पण सोडायची कशी? काळजी म्हणजे काय डोक्यावरचं गाठोडं आहे, खाली ठेवलं की झालं? ज्यांनी हे खरोखर करून दाखवलं, त्यांच्यावर काय काय गुदरलं होतं ते आधी बघू.

तुकोबाराय गरिबाघरी जन्मलेले नव्हते. शके १५३० मध्ये देहूच्या मोरे घराण्यात बोल्होबा आणि कनकाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घराकडे पेठेची महाजनकी होती. शेत, गुरं, वाणसौदा, सावकारी असा भरला संसार होता. मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी आणि विठ्ठलाचं देऊळ. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. सावजींचं मन प्रपंचात रमेना, म्हणून कारभार अगदी कोवळ्या वयात तुकोबांकडे आला आणि तो त्यांनी नीट चालवला. पहिली बायको रखुमाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई दुसरी करून आणली. तिलाच आवली म्हणत.

मग उतरती लागली. सतराव्या वर्षाच्या सुमारास आई-वडील गेले. भावजय गेली. सावजी तीर्थयात्रेला निघाले ते परत आले नाहीत. आणि त्यावर दुष्काळ आला.

शके १५५१-५२ चा तो दुष्काळ साधासुधा नव्हता. आपल्या जुन्नरच्या शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० ला शिवरायांचा जन्म झाला, त्याच वर्षी गुजरातेपासून दख्खनपर्यंत पाऊस गेला. सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघालेल्या पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेत ठिकठिकाणी पडलेली प्रेतं पाहिली आणि लिहून ठेवली. शहाजहान बादशहा तेव्हा बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. त्याच्या दरबारी इतिहासातसुद्धा माणसांनी भुकेपायी काय काय खाल्लं ते नोंदलेलं आहे, आपल्याच्याने इथे लिहवत नाही. निजामशाही मोडकळीला आलेली, फौजा इकडून तिकडे फिरतायत. याच काळात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि त्यावरून गाढवाचा नांगर फिरवला. म्हणजे जिजाईचं माहेरही शाबूत राहिलं नाही.

देहूच्या पेठेत मोऱ्यांचं दुकान बसलं. दिलेलं येईना, घेतलेलं फेडवेना. दिवाळं निघालं आणि चारचौघांतला मान गेला. रखुमाई अन्नावाचून गेली. तिचा मुलगा संतू, तोही गेला. ज्या घरातून लोकांना धान्य मापून दिलं जायचं त्या घरात अन्नावाचून माणूस मरावं, याचं तुकोबांना काय वाटलं असेल? बावीस वर्षांचं वय हो. आपल्याकडे या वयाच्या पोराला आपण अजून पोरगंच म्हणतो.

पुढे तुकोबारायांच्या अभंगांत असा भाव येतो, की देवा, दुष्काळ पडला हे बरंच झालं, दिवाळं निघालं हेही बरंच झालं, त्यामुळे तुझी आठवण राहिली. कीर्तनात हा अभंग घेतला की माना डोलतात. पण बोलण्याची चाल बघा, हे मागे वळून केलेलं बोलणं आहे. संतूला पोचवून आलेल्या दिवशी ते असं म्हणाले असतील, हे आम्हाला पटत नाही. कुणाच्या घरी दुःख ताजं असताना दारात जाऊन देवाने बरंच केलं असं सांगू नये. तुकोबांनाही त्या ठिकाणी पोचायला वेळ लागला. त्या काळात त्यांना लोकांत तोंड दाखवायची लाज वाटे, मन कशातच लागेना. हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे, झाकलेलं नाही.

ते उठून भामचंद्राच्या डोंगरावर गेले. तिथे एकांतात विठ्ठलाला धरून बसले. धाकटे कान्होबा शोधत शोधत तिथे पोचले आणि भावाला घेऊन इंद्रायणीच्या काठी आले. तिथे जे झालं ते आपण सारे जाणतो. तुकोबांनी घरातली खतं मागवून घेतली. खतं म्हणजे लोकांना दिलेल्या कर्जाचे कागद. ती नदीत सोडायला निघाले. कान्होबा म्हणाले, मला लेकरंबाळं आहेत, मी काय करू? तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. निम्मी कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली.

आम्हाला ही वाटणी त्या बुडवण्याइतकीच मोलाची वाटते. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. देवावर भार टाकायचा तो आपल्या जिवाचा. दुसऱ्याची भाकरी देवाच्या नावाने पाण्यात सोडायचा हक्क कुणाला नाही, हे त्यांना कळत होतं. आणि दुसरंही बघा. दुष्काळ देहूच्या सगळ्याच घरांवरून गेला होता. वसुलीला येणारा सावकार ही ज्या कुळांच्या जिवाला काळजी होती, त्यांची ती काळजी त्या दिवशी नदीत गेली. तुकोबांनी आपला घोर देवावर सोडला, तेव्हा गावातल्या कितीतरी घरांचा घोर उतरला.

त्यानंतर त्यांनी काय केलं? घरातलं पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. स्वतःचं घर सावरायच्या आधी देवाचं घर. माती कालवायची, भिंत घालायची, अंगमेहनतीचं काम. एकादशीला कीर्तनात मागे उभं राहून धृपद धरायचं. भंडाऱ्याच्या डोंगरावर ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, नामदेवरायांचे अभंग घेऊन बसायचं आणि पाठ करायचं. भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तुकोबांचा हा दिनक्रम बघावा.

आणि जिजाई? तिच्याशिवाय हे चरित्र अर्धं आहे. आपल्या कथांमध्ये तिला कजाग म्हणून रंगवतात, श्रोते हसतात. पण घरात दाणा आहे की नाही हे बघायचं कुणी? तिनेच आपल्या नावावर दोनशे रुपये काढून नवऱ्याला पुन्हा धंद्याला लावलं, अशी हकिकत महीपतीबुवा सांगतात. तुकोबा मीठ घेऊन गेले, चार पैसे सुटले, आणि परतताना वाटेत कर्जापायी गांजलेला एक माणूस भेटला तर सगळे पैसे त्याला देऊन मोकळे झाले. घरी आल्यावर ती बोलली असेल, तर काय चुकलं तिचं? पण भंडाऱ्यावर भाकरी घेऊन रोज चढायची तीच. ते जेवल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही. एकदा चढताना तिच्या पायात काटा मोडला आणि ज्या विठ्ठलाला ती उठताबसता बोल लावायची, त्यानेच येऊन तो काढला, असं आपण ऐकत आलो. वाटेवरची म्हातारी माणसं ही गोष्ट सांगताना गहिवरतात, ते उगीच नाही. विठ्ठल भंडाऱ्याच्या माथ्यावर बसलेल्या तुकोबांचा होता, तसा भाकरीची पाटी घेऊन चढणाऱ्या जिजाईचाही होता.

आता ओतूरकडे येऊ. तुकोबांना गुरू हवा होता, आणि तो मिळाला स्वप्नात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. नदीवर स्नानाला जाताना वाटेत एक सत्पुरुष भेटले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी आपली परंपरा सांगितली, आपलं नाव बाबाजी सांगितलं आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. आपल्या ओतूरच्या परंपरेत केशवचैतन्य तेच बाबाजी. तुकोबा जन्माला यायच्या आधीच ते मांडवीकाठी समाधिस्थ झालेले. म्हणजे गुरू-शिष्यांची देहाने गाठ कधीच पडली नाही. ओतूर ते देहू, पायी दोन-तीन दिवसांची वाट. त्या समाधीतून हात निघाला आणि देहूच्या एका दिवाळखोर वाण्याच्या माथ्यावर आला.

या स्वप्नातली एक लहानशी गोष्ट आम्हाला फार जवळची आहे. बाबाजींनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं, आणि तुकोबांना त्याचा विसर पडला. तूप द्यायचं राहूनच गेलं. ज्या घरात माणूस अन्नावाचून गेलं त्या घराकडे गुरू तूप मागतो! सतत उणं-पुरं बघायची सवय लागलेल्या मनाला हे मागणं कसं वाटलं असेल! आणि ते द्यायचं राहिलं तरी मंत्र काही काढून घेतला गेला नाही. देणंघेणं पुरं झाल्यावरच कृपा होते असा हिशेब तुकोबा आयुष्यभर दुकानात करत आले होते. तो हिशेब इथे चालला नाही. पुढे हीच रीत त्यांच्याकडूनही घडली. शिऊरच्या बहिणाबाईंना कोल्हापुरात असताना तुकोबांनी स्वप्नातच उपदेश केला. त्या नंतर देहूला आल्या.

भरवसा एकदा बसला की पुन्हा हलत नाही, असंही नाही. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला, की शूद्राने वेदांचा अर्थ सांगू नये. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. काही वर्षांमागे याच पाण्यात खतं सोडली तेव्हा तुकोबा मोकळे झाले होते. या वेळी जीव तुटला. लोक टोमणे मारायला लागले, आधी कर्जाचे कागद बुडवले, आता देवाचेही. तुकोबा देवळासमोरच्या शिळेवर पडून राहिले. अन्न नाही, पाणी नाही. तेरा दिवस. आणि या तेरा दिवसांत ते देवाशी भांडले. विठ्ठलाला इतके कडक शब्द दुसऱ्या कुणी लावले असते तर आपल्याला सोसले नसते. आपल्या दिंडीत कुणी संकटात देवाला बोल लावला की त्याला गप्प करायची घाई होते. तसं करू नये. भांडण घरच्याशीच होतं. तुकोबा शिळेवरून उठून दुसऱ्या दारी गेले नाहीत, एवढंच बघायचं. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. रामेश्वर भटही पुढे त्यांचेच झाले आणि टाळ घेऊन मागे उभे राहिले.

शिवरायांनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला हे सर्वश्रुत आहे, त्यावर इथे वेगळं लिहीत नाही. चाकणचे संताजी जगनाडे आणि गंगाधरपंत मवाळ यांनी अभंग उतरून ठेवले म्हणून ते आज आपल्या तोंडी आहेत, एवढं मात्र नमूद करतो.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबाराय वैकुंठाला गेले. त्या वेळी जिजाईच्या पोटात मूल होतं. मागे घर होतं, मुलं होती आणि ठेव काहीच नव्हती. तिला कसली काळजी लागली असेल ते बायामाणसांना सांगायला नको. जन्माला आलेल्या त्या मुलाचं नाव नारायण. त्या नारायणबाबांनी १६८५ साली वडिलांच्या पादुका पालखीत घातल्या, आळंदीहून ज्ञानोबारायांच्या पादुका घेतल्या आणि टाळमृदंगाच्या गजरात पंढरीची वाट धरली. आज लाखो माणसं ज्या सोहळ्यात चालतात तो त्या पोटातल्या लेकराने उभा केला.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं आपल्या दिंडीत अजून आहेत. २०२० साली करोनामुळे वाट बंद झाली आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.त बसून पंढरीला गेल्या, तेव्हा आपण घरीच हरिपाठ म्हटला. दरसाल ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखी निघते. त्याआधी आपली दिंडी मांडवीवर पाय धुऊन समाधीला प्रदक्षिणा घालते. बायका तुळशी डोक्यावर घेतात, विणेकरी पुढे होतो, आणि मागे कुणीतरी विचारत असतं, औंदा पाऊस बरा आहे का हो?