हंसाबेन मेहता : मेहेरबानी आणि हक्क

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून श्रीमंत सयाजीराव महाराजांची तसबीर बहुधा असतेच. महाराजांनी मुलींना शाळेत घातले, बालविवाहाला कायद्याने आळा घालू पाहिला, हे आपण मुलाबाळांना अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. परंतु याच संस्थानाच्या छायेत वाढलेल्या व येथल्याच कॉलेजात शिकलेल्या एका बाईंनी हे काम बडोद्याच्या वेशीबाहेर काढून जगाच्या पंचायतीपुढे नेले, ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी निघत नाही. त्या गुजराती होत्या म्हणून असेल कदाचित. त्या श्रीमती हंसा मेहता यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

हंसाबेनचा जन्म ३ जुलै १८९७ रोजी एका नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. आजोबा नंदशंकर मेहता हे गुजरातीतील पहिल्या कादंबरीचे, ‘करण घेलो’चे कर्ते. वडील मनुभाई मेहता बडोदे संस्थानच्या नोकरीत चढत चढत १९१६ साली दिवाण झाले. म्हणजे घरात एकीकडे विद्या आणि दुसरीकडे राज्यकारभार. १९१८ साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या बी. ए. झाल्या आणि पुढील शिक्षणासाठी इंग्लंडास गेल्या. त्या काळी चांगल्या घरच्या मुलीने बोटीने एवढे दूर जाणे ही बडोद्यातही चर्चेचीच गोष्ट होती.

त्यांच्या लहानपणीचे बडोदे कसे होते, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढचे चरित्र उलगडत नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी प्रथम अमरेली भागात केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला; मुलगे ७ ते १२ वर्षांचे आणि मुली ७ ते १० वर्षांच्या. १९०४ साली बालविवाह रोखण्याचा कायदा झाला. मुलीचे वय निदान १२ आणि मुलाचे १६ असावे, एवढीच त्याची मागणी. आज ती फारच लहान वाटते, पण त्या वेळी तीही लोकांना जाचली. पुष्कळांनी दंड भरला आणि लग्ने लावली. दंडाची रक्कम लग्नखर्चातच धरावी, असा हा व्यवहार होता. कायदा वरून आला म्हणजे तो लोकांच्या मनात उतरतोच असे नाही, हा धडा दिवाणाच्या घरी वाढणाऱ्या मुलीला पुस्तकावाचून मिळत असणार.

इंग्लंडात त्यांची सरोजिनी नायडूंशी ओळख झाली. १९२० साली जिनीव्हा येथे स्त्रियांच्या मताधिकारासाठी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या सरोजिनीबाईंबरोबर गेल्या. जिनीव्हाचे हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

१९२४ साली त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी विवाह केला. डॉक्टर मूळचे अमरेलीचे, जातीने वाणी. ब्राह्मण मुलीने वाण्याशी लग्न करावे, म्हणजे शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम विवाह. नागर ज्ञातीत मोठा गहजब झाला. महाराज मात्र या विवाहाच्या बाजूने होते. पुढे हे दांपत्य मुंबईस राहिले, गांधीजींच्या चळवळीत पडले. १९३० साली परदेशी कापडाच्या व दारूच्या दुकानांपुढे स्त्रियांची निदर्शने झाली, त्यांत हंसाबेन पुढे होत्या, आणि १९३२ साली पतीपत्नी दोघांनीही तुरुंग पाहिला. याच धामधुमीत त्या मुलांसाठी गुजराती पुस्तके लिहीत होत्या. ‘गलिव्हर’च्या सफरी त्यांनी गुजराती मुलांना आणून दिल्या.

येथे मला माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हंसाबेनच्या कामाचे मर्म मला तिच्यातूनच कळले. आमच्या घराण्याची चाकरी कलावंत कारखान्यातली. वडीलही राजवाड्यातच गाणारे. सरकारस्वारी खूष झाली की शालजोडी, कडे, कधी रोख बिदागी. त्या मानाचे मोल आमच्या घरात कोणी कमी लेखले नाही. पण बक्षिसीच्या भरवशावर मुलीचे लग्न ठरवता येत नाही, असेही आमच्याकडे म्हणत. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते. महिन्याचा पगार मात्र मागता येतो. याच कलावंत कारखान्यात तंजावरच्या नर्तकी होत्या. १८८० साली महाराजांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला. तेथील नर्तकी व वादक बडोद्यास आले ते महाराणींच्या आंदणातून. त्यांना वेतन होते, त्यांच्या कलेला मान होता. तरीही आंदणात भांडी आणि दागिने यावेत तशी माणसे आली, ही गोष्ट नृत्यसंगीताच्या इतिहासात आपण फार सहजपणे लिहून जातो. चांगल्या धन्याच्या पदरी असणे हे सुख खरे, पण पदरी असणे ते पदरी असणेच.

मेहेरबानी आणि हक्क यांतला हा भेद हंसाबेनच्या साऱ्या सार्वजनिक कामात दिसतो. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ च्या जानेवारीत पुण्यास भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी आपल्या महाराणी चिमणाबाईसाहेब होत्या. स्त्रीशिक्षण हा तेव्हा मुख्य विषय होता. पुढे १९४५-४६ साली हंसाबेन त्याच परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रीच्या हक्कांची व कर्तव्यांची सनद तयार झाली. शिक्षण, मतदान, समान वेतन, मालमत्ता, विवाह आणि घटस्फोट यांबाबत स्त्रीला काय मिळाले पाहिजे, ते तीत मांडलेले होते. वीस वर्षांत विनंतीची सनद झाली.

घटना समितीवर निवडून आलेल्या १५ स्त्रियांपैकी त्या एक. १९४६ च्या डिसेंबरात तेथे बोलताना त्यांनी स्त्रियांसाठी राखीव जागा मागितल्या नाहीत. सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय मागितला. मूलभूत हक्कांच्या उपसमितीवर त्या व राजकुमारी अमृत कौर अशा दोघी होत्या. धर्माचरणाचे स्वातंत्र्य मोघम शब्दांत दिले तर बालविवाह, पडदा, देवदासी या चालींना त्याचा आडोसा मिळेल, अशी हरकत या दोघींनी घेतली. आज घटनेच्या २५ व्या कलमात समाजसुधारणेच्या कायद्यांना जी मोकळीक आहे, तिच्यामागे ही हरकत आहे. विवाह व वारसा यांचा कायदा सर्व धर्मीयांना एकच असावा, असे मिनू मसानींसह या दोघींनी भिन्नमतपत्रिकेत नोंदविले. ते तेव्हा मान्य झाले नाही. मार्गदर्शक तत्त्वांत एक कलम मात्र आले. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेला अर्पण करण्याचा मान त्यांच्याकडे आला, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

याच सुमारास त्या संयुक्त राष्ट्रसंघात काम करीत होत्या. १९४६ साली स्त्रियांच्या दर्जाचा विचार करणाऱ्या उपसमितीवर आणि १९४७ पासून मानवी हक्क आयोगावर. आयोगाचे सभासद १८, त्यांत स्त्रिया दोन : अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट आणि हंसाबेन. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा चालला होता. पहिल्या कलमात सारे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असे म्हणताना ‘सारे’ या ठिकाणी इंग्रजी ‘मेन’ हा शब्द होता. या शब्दात पुरुषही येतो आणि माणूसही. रूझवेल्टबाईंना त्यात वावगे दिसेना. त्यात स्त्रिया धरलेल्याच आहेत, असे त्यांचे म्हणणे. हंसाबेनना ते पटले नाही. ज्यांना स्त्रियांना वगळावयाचे आहे ते याच शब्दावर बोट ठेवतील, ही त्यांची भीती.

ही भीती आपल्याला कळणे अवघड नाही. आधी माणसांना वाढा, बायका मागून बसतील, हे वाक्य आपल्या पंगतींतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आले आहे. माणसांत बाई धरायची की नाही, ते वाढणाऱ्यावर. ज्या स्वित्झर्लंडात १९४७ च्या डिसेंबरात आयोगाची बैठक भरली, त्या देशात राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क बायकांना १९७१ साली मिळाला! स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगानेही याच शब्दाला हरकत घेतली होती, आणि अखेर मसुद्यात ‘सर्व मानव’ असा अर्थ निःसंदिग्धपणे देणारे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ४८ राष्ट्रांच्या अनुकूल मतांनी जाहीरनामा मंजूर झाला. ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. विरोधात एकही मत पडले नाही.

शब्द बदलल्याचे श्रेय हंसाबेनना आता जगभर दिले जाते. मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते, आणि त्याची चर्चा कमी होते. जिनीव्हाच्या त्या बैठकीत तीन गट पाडले होते. एक जाहीरनाम्यासाठी, दुसरा बंधनकारक करारासाठी आणि तिसरा अंमलबजावणीसाठी. या तिसऱ्या गटाच्या अध्यक्षा हंसाबेन होत्या. हक्क बुडाला तर ज्याचा बुडाला त्याने दाद कोठे मागावी, हा त्या गटापुढील प्रश्न. व्यक्तीच्या अर्जाची दखल घेणारी कायम समिती असावी, मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय न्यायालय असावे, अशा सूचना या गटाने केल्या. मोठ्या राष्ट्रांना ते रुचले नाही आणि ते काम मागे पडले. दंड भरून लग्ने लागलेल्या मुलखातून आलेल्या बाईंना अंमलबजावणीचा प्रश्न सर्वांत अगत्याचा वाटावा, यात नवल नाही.

३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. हंसाबेन पहिल्या कुलगुरू झाल्या आणि १९५८ पर्यंत त्या पदावर राहिल्या. मुलगे व मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाची कुलगुरू देशात त्यांच्या आधी कोणी स्त्री झाली नव्हती. गृहविज्ञान, समाजकार्य, ललितकला या शाखा त्यांच्याच कारकिर्दीत उभ्या राहिल्या. लहान मुलांचे वाढणे हा शास्त्राचा विषय झाला. १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा विद्यापीठाचे महाविद्यालय झाली आणि नृत्य हा पदवीचा विषय झाला. जी कला एकेकाळी आंदणातून गावात आली, ती आता कोणाही घरच्या मुलीला प्रवेशअर्ज भरून शिकता येऊ लागली. माझ्यापुढे तानपुरा घेऊन बसणाऱ्या मुली त्या अर्जाच्याच वारस आहेत.

हंसाबेनना १९५९ साली पद्मभूषण मिळाले. ४ एप्रिल १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांनी आखलेली वाट बरीच लांब गेली होती. १९७९ च्या डिसेंबरात स्त्रियांविषयीचा सर्व प्रकारचा भेदभाव नाहीसा करण्याचा करार झाला आणि १९८९ च्या नोव्हेंबरात बालहक्कांचा. बालहक्कांचा करार भारताने १९९२ साली स्वीकारला, स्त्रियांचा १९९३ साली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी स्त्रीच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले, तेव्हा याच कराराचा आधार घेतला. प्राथमिक शिक्षण हा मुलाचा हक्क ठरविणारा कायदा देशभर १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे बडोद्याच्या सक्तीनंतर १०४ वर्षांनी. लग्नासाठी मुलीचे किमान वय १९०४ साली येथे १२ होते, १९२९ च्या शारदा कायद्याने देशात १४ झाले, १९७८ साली १८ झाले.

तथापि सही करताना भारताने काही गोष्टी हातच्या राखल्या आहेत. विवाह व कुटुंब यांविषयीची कलमे आपण कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत, त्या समाजाच्या पुढाकारावाचून व संमतीवाचून, हात न घालता पाळू, असे निवेदन १९९३ साली जोडले गेले. बालमजुरीही टप्प्याटप्प्याने दूर करू, असे १९९२ साली सांगितले. व्यक्तीला स्वतः आंतरराष्ट्रीय समितीकडे तक्रार नेण्याची वाट १९९९ च्या पूरक करारात आहे. ती भारताने स्वीकारलेली नाही. १९४७ साली हंसाबेन दिल्लीत जेथे अडल्या आणि जिनीव्हात जेथे अडल्या, त्याच दोन जागा आजही अडलेल्या आहेत.

विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयाला हंसाबेनचे नाव दिलेले आहे. आपल्या घरातील किती मुलेमुली तेथे रोज जाऊन बसतात! ते नाव कोणाचे, एवढे जरी आपण त्यांना सांगितले, तरी महाराजांनी मुलींसाठी काय केले ही गोष्ट पुरी होईल. महाराजांनी दिले, आणि दिलेले कोणाला परत घेता येऊ नये, यासाठी या बाई आयुष्यभर खपल्या.