दातातला किडा आणि हकीम राझी

आम्ही लहान असताना आमच्या गावच्या आठवडी बाजारात एक माणूस चटई टाकून बसायचा. दाढदुखीचा रुग्ण आला की त्याच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवायचा आणि बाहेर काढून दाखवायचा, हा बघा किडा! आमच्या खालानेही एकदा त्याच्याकडून किडा काढून घेतला. पैसे मोजले, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी दाढ परत ठणकायला लागली. किडा दातात नव्हताच, तो आधीपासून कापसात होता.

ही लबाडी नवी नाही. अकराशे वर्षांपूर्वी एका मुसलमान हकिमाने ती कशी केली जाते हे लिहून ठेवलं आहे. त्या हकिमाचं नाव अबू बकर मुहम्मद बिन झकरिया राझी. युरोपने त्यांना ‘राझेस’ म्हटलं आणि त्यांचे ग्रंथ कित्येक शतकं शिकवले. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखायचे, यावरचं त्यांचं पुस्तक आजही वैद्यकाच्या इतिहासात मानाने सांगितलं जातं. पण वैद्यकातल्या फसवणुकीशी त्यांनी दिलेली झुंज आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. ती आज सांगायची आहे.

राझींचा जन्म इ.स. 865 मध्ये रय शहरात झाला. हे शहर आजच्या तेहरानला लागून होतं. तरुणपणी त्यांना संगीताचा नाद होता, किमयेचा म्हणजे धातू आणि रसायनांच्या प्रयोगांचाही होता. वैद्यकाकडे ते तसे उशिराच वळले. पण वळले ते असे, की आधी रयच्या आणि मग बगदादच्या बिमारिस्तानचे, म्हणजे रुग्णालयाचे प्रमुख झाले.

बगदाद तेव्हा खिलाफतीची राजधानी होती. मोठ्या शहरात पैसा असतो, आणि पैसा असतो तिथे भोंदूही येतात. रयचा अमीर मन्सूर बिन इसहाक याच्या नावाने राझींनी ‘किताब अल-मन्सूरी’ लिहिली. त्यात त्यांनी या भोंदूंच्या युक्त्या एकेक करून उघड्या केल्या. कुणी मिरगीच्या रुग्णाच्या डोक्याला छेद देतो आणि आधीच हातात लपवलेली वस्तू रोग म्हणून बाहेर काढतो. कुणी नाकातून साप काढल्याचं दाखवतो. कुणी जिभेखालून बेडूक काढतो. कुणी कानात नळीने पाणी सोडतो आणि तेच पाणी परत ओढून रोग निघाल्याचं सांगतो. कुणी जखमेत हाड सरकवून ठेवतो आणि काही दिवसांनी तेच काढून मोबदला मागतो. जुन्या पनीरमध्ये पडणाऱ्या अळ्या दाताच्या मुळाशी ठेवून काढणारेही त्यात आहेत. म्हणजे आमच्या बाजारातल्या त्या चटईवाल्याचे पूर्वजच म्हणा ना.

इथे थांबले असते तर राझी फक्त पोल खोलणारे ठरले असते. पण त्यांनी पुढचा, जास्त अवघड प्रश्न विचारला. लोक चांगला हकीम सोडून अशांकडे जातातच का? या विषयावर त्यांनी स्वतंत्र रिसाले लिहिले. निष्णात हकीमही प्रत्येक रोग बरा करू शकत नाही, हेही त्यांनी एका रिसाल्यात मांडलं. ही कबुली महत्त्वाची आहे. भोंदू माणूस कधीच नाही म्हणत नाही. खरा हकीम म्हणतो, आणि तिथेच गिऱ्हाईक तुटतं.

याचा अनुभव त्यांनी स्वतःही घेतला होता. त्या काळी लोक लघवीची बाटली हकिमासमोर ठेवायचे, आणि त्याने काही न विचारता, नुसतं बघून सगळा रोग सांगावा अशी अपेक्षा करायचे. सुरुवातीला राझींनीही प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरवलं होतं. तेव्हा लोकांनी त्यांचा फार मान ठेवला. पुढे ते रुग्णाला बारीकसारीक विचारू लागले. काय खाल्लं, कधीपासून दुखतं, आधी काय झालं होतं? तशी लोकांच्या नजरेतली त्यांची किंमत उतरली. याला तर काही कळतच नाही, आम्हालाच विचारतो, असं लोकांना वाटू लागलं. राझींनी तरी विचारणं सोडलं नाही. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई हीच. ती भोंदूंशी नव्हती, स्वतःचा मोठेपणा खोट्यावर टिकवण्याच्या मोहाशी होती.

रुग्णालयातही त्यांची हीच रीत होती. आधी रुग्णाला नव्या शिष्यांनी तपासायचं. त्यांना उमगलं नाही तर जुन्या शिष्यांनी. त्यांनाही जमलं नाही तर राझी स्वतः बोलायचे. म्हणजे निदान चार लोकांसमोर व्हायचं, बंद खोलीत नाही. रुग्णांच्या नोंदी ते लिहून ठेवायचे. डोक्याच्या एका घातक आजारात रक्त काढण्याचा फायदा होतो का हे बघायला त्यांनी काहींचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही. पारा माणसाला देण्याआधी माकडाला देऊन पाहिला. जालीनूस म्हणजे गॅलेन हा त्या काळच्या वैद्यकाचा सगळ्यात मोठा उस्ताद. त्याचं म्हणणं रुग्णालयातल्या तापाच्या रुग्णांशी जुळत नाही, तर तेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

गरिबांशी ते नरमाईने वागायचे, मोफत उपचार करायचे, वर पदरचे पैसे द्यायचे. ज्यांच्याजवळ हकीम नाही अशांसाठी त्यांनी एक वेगळी किताबच लिहिली. स्वयंपाकघरात आणि बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंवर भागेल असे उपाय त्यात आहेत. विचार करा, ज्याचा धंदा रुग्णांवर चालतो तोच माणूस लोकांना माझ्याशिवाय कसं भागवायचं ते शिकवतोय.

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी. बगदादमध्ये रुग्णालयाची जागा निवडण्यासाठी राझींनी शहरात ठिकठिकाणी मांस टांगलं आणि ते जिथे सगळ्यात उशिरा सडलं ती जागा निवडली, अशी कथा मोबाईलवर फिरत असते. ती ज्या अदुदी रुग्णालयाच्या नावाने सांगतात, ते राझींच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी उभं राहिलं. फसवणुकीविरुद्ध लढलेल्या माणसाची तारीफ आपण पडताळा न करता करू नये.

शेवटच्या काळात राझींची दृष्टी गेली. इ.स. 925 मध्ये रयमध्येच त्यांचा इंतकाल झाला. त्यानंतर सहा वर्षांनी, 931 मध्ये, बगदादमध्ये हकिमाच्या चुकीने एक रुग्ण दगावला. तेव्हा खलिफा मुक्तदिरने हुकूम काढला की परीक्षा दिल्याशिवाय कुणीही वैद्यकी करायची नाही. परीक्षा घेण्याचं काम सिनान बिन साबित या हकिमाकडे आलं. आठशे साठहून जास्त लोक परीक्षेला बसले. त्यात एक रुबाबदार म्हातारा होता. त्याने सोन्याच्या दिनारांची पुडी पुढे ठेवली आणि कबूल केलं की मला लिहिता-वाचता येत नाही, पण घर यावरच चालतं. सिनानने त्याला सोडलं, फक्त अट घातली की जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचं नाही, जालीम जुलाब द्यायचे नाहीत. म्हणजे नियम आला त्याच दिवशी पुडीही आली! याच सिनानने रुग्णालयाच्या वक्फचा पैसा दुसरीकडे वळवला जातो आणि रुग्ण थंडीत कुडकुडतात, अशी तक्रार वझीर अली बिन ईसाकडे केली होती. आज आपण ज्याला आरोग्य व्यवस्थेतला भ्रष्टाचार म्हणतो, तो तेव्हाही होता. फरक इतकाच की त्याच्याविरुद्ध लेखणी उचलणारेही होते.

आता आपल्याकडे बघू. पदवी नसताना सलाईन लावणारे आहेत, रुग्ण पाठवण्याचा कट घेणारे आहेत, गरज नसलेल्या तपासण्या लिहून देणारे आहेत. नीम हकीम खतरा-ए-जान ही म्हण आपल्या घरात रोज बोलली जाते, पण ताप आला की आपणच म्हणतो, डॉक्टरसाब, सुई मारा. जो सुई मारत नाही, नुसते प्रश्न विचारतो आणि आराम करा म्हणतो, तो डॉक्टर आपल्याला आवडत नाही. त्या काळच्या लोकांनी राझींच्या बाबतीत जे केलं, तेच आपण करतो.

म्हणून वर्गात राझींचं नाव निघालं की आम्ही मुलांना दोन साधी कामं देतो. घरात जी औषधाची चिठ्ठी येते तिच्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघायचं. आणि डॉक्टरने काही विचारलं तर अम्मी-अब्बांना सांगायचं, चिडू नका, नीट उत्तर द्या. मागच्या वर्षी एका मुलीने आजीची चिठ्ठी आणून दाखवली. तिच्यावर क्रमांकाची जागाच कोरी होती.