फ्रेडरिक लँचेस्टर

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर (२३ ऑक्टोबर, १८६८ - ८ मार्च, १९४६) हे इंग्लिश अभियंते, मोटारनिर्माते आणि वायुगतिशास्त्राचे आद्य अभ्यासक होते. आज बहुतेक मोटारींच्या पुढील चाकांना असणाऱ्या डिस्क ब्रेकचे पेटंट त्यांनी १९०२ साली घेतले. मात्र या ब्रेकचा सार्वत्रिक प्रसार त्यांच्या मृत्यूनंतर झाला.

जन्म व शिक्षण

लँचेस्टर यांचा जन्म लंडनमधील लुईशॅम येथे झाला. त्यांचे वडील वास्तुविशारद होते. थोरले बंधू हेन्री व्हॉन लँचेस्टर यांनी तोच व्यवसाय पत्करला. जोधपूरच्या उमेद भवन राजवाड्याचा आराखडा त्यांचाच होय. फ्रेडरिक यांनी साउदॅम्प्टन व लंडन येथे विज्ञान-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, परंतु पदवी न घेताच ते बर्मिंगहॅममधील गॅस इंजिनांच्या कारखान्यात रुजू झाले.

मोटारनिर्मिती

१८९५-९६ मध्ये त्यांनी आपली पहिली मोटार तयार केली. घोडागाडीला इंजिन जोडण्याची तत्कालीन रीत सोडून त्यांनी संपूर्ण वाहनाचा मुळापासून विचार केला. १८९९ साली जॉर्ज व फ्रँक या बंधूंसह त्यांनी कंपनी स्थापन केली. भांडवलाच्या टंचाईमुळे १९०४ साली कंपनी अडचणीत आली व तिची पुनर्रचना करावी लागली. लँचेस्टर मोटारी पुढे हिंदुस्थानातील काही संस्थानिकांकडेही होत्या.

डिस्क ब्रेक

चाकासोबत फिरणारी धातूची चकती दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमट्यात धरून वाहन थांबवावे, ही लँचेस्टर यांची कल्पना होती. चकती उघडी असल्याने ती लवकर निवते, हा तिचा मोठा गुण. परंतु उघडेपणामुळेच धूळही तिच्यावर बसे. त्या काळी रस्ते कच्चे होते. त्यांनी वापरलेले तांब्याचे पॅड धुळीने झपाट्याने झिजत व धातूवर धातू घासून कर्कश आवाज होई. कल्पना निर्दोष असूनही योग्य घर्षणद्रव्य हाती नसल्यामुळे ती मागे पडली. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसयुक्त अस्तर वापरात आणले. ते आवाज व झीज कमी करणारे ठरले, पण ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने अनेक देशांनी कालांतराने ते वर्ज्य केले. १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार मोटारीने विजय मिळवला, तेव्हा या ब्रेकची उपयुक्तता जगासमोर आली. त्या वेळी लँचेस्टर यांच्या मृत्यूला ७ वर्षे झाली होती.

चकतीची असमान झीज

चकती व पॅड यांच्या जोडीतील झिजेचा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही. नवा पॅड सपाट असतो. जुन्या चकतीवर मात्र चरे व उंचवटे असतात. त्यामुळे प्रारंभी पॅड उंचवट्यांवरच टेकतो आणि उष्णता तेवढ्याच जागी साठते. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्यास एका बाजूचा पॅड सतत घासत राहतो व त्या बाजूची चकती अधिक झिजते. चकती बसवताना हबवरील गंज न खरवडल्यास ती किंचित डगमगत फिरते, प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी पॅडला घासते आणि तिची जाडी असमान होते. मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढा फरकही ब्रेक पेडलला थरथर आणू शकतो. चकती वाकली असे यास सर्रास म्हटले जाते, परंतु अनेकदा दोष जाडीतील फरकाचा असतो. म्हणून पॅड बदलताना चकतीची जाडी मोजणे, पिनांना वंगण देणे आणि पहिल्या काही किलोमीटरांत मध्यम दाबाने ब्रेक लावून पॅड बसू देणे आवश्यक असते. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ किंवा चांदसैली घाटासारख्या उतारांवर ब्रेक दीर्घकाळ तापतात. तेथे खालच्या गिअरमध्ये उतरल्यास चकतीवरील भार हलका होतो.

विमानविद्या व अन्य संशोधन

विमानाच्या पंखाला उचल कशी मिळते, याची मीमांसा लँचेस्टर यांनी १८९४ पासून मांडली. तत्कालीन विद्वत्संस्थांनी तिची फारशी दखल घेतली नाही. १९०७ व १९०८ साली त्यांचे या विषयावरील दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. पुढे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी या विषयाला काटेकोर गणिती रूप दिले. सैन्यबळाचा परिणाम संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा लँचेस्टर यांचा नियम युद्धशास्त्रात आजही अभ्यासला जातो.

सन्मान व अखेर

१९२२ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९३१ साली त्यांना गुगेनहाइम पदक मिळाले. उत्तरायुष्यात कंपवाताने व आर्थिक विवंचनेने त्यांना ग्रासले. बर्मिंगहॅम येथे त्यांचे निधन झाले.